सावरीवरचा बस्ता

आडकूजींना माझ्याकडे यायचं असलं, की ते दाराशी उभे राहून मला तीनदा पुकारत. "मास्तर, हाये का घरी?" असं साधं विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. डावा हात कानामागे जायचा, मान वर व्हायची आणि पार सौंदडपर्यंत जाईल असा आवाज निघायचा, "विनायक वल्द नारायण, हाजिर हैऽऽ?"

माझ्या तोंडात भाताचा घास असो की दाढीचा साबण, तिसऱ्या हाकेच्या आत मला "हाजिर है" म्हणावंच लागे. तसं म्हटलं नाही, तर आडकूजी मागे फिरत आणि वाटेत भेटेल त्याला सांगत, "मास्तर गैरहाजिर." एकदा मी अंघोळीला बसलो होतो. तेवढ्यावर गावात बातमी पसरली आणि त्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही. सगळी तलावावर सापडली.

हा माणूस सत्तावीस वर्षं तहसिलीच्या कचेरीत चपराशी होता. कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांना पुकारायचं, एवढंच काम. पेन्शन घेऊन गावी आले, पण आवाज काही पेन्शनीत निघाला नाही. त्यांनी एक बकरी पाळली होती, चंद्री. तिचा बाप कोण, हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही. म्हणून रोज संध्याकाळी आमच्या गावात पुकारा व्हायचा, "चंद्री वल्द नामालूऽऽम, हाजिर है?" चंद्री दुसऱ्या हाकेला यायची. गावातल्या पुष्कळ माणसांपेक्षा तिला कायदा जास्त समजतो, असं आडकूजींचं मत होतं.

गोंदियाहून येणारी छोटी लाईन आमच्या गावावरून जाते. इंग्रजी अमदानी होती, दुसऱ्या महायुद्धाचं अजून नाव नव्हतं. मी तिथे शाळामास्तर होतो आणि पोस्टमास्तरही मीच. शाळेच्या एका कोपऱ्यात पोस्टाची लाकडी पेटी होती आणि दुपारी पोरं सुटली की मी खुर्ची तिकडे वळवायचो. आडकूजी पोस्टात रोज येत. तिकीट घेत नसत, कार्ड घेत नसत. "काही आलं का?" विचारत, आणि "नाही" म्हटलं की "बरं" म्हणत. मला वाटायचं, पेन्शनीचा कागद असेल.

त्यांच्या काखेत कायम एक लाल बस्ता असायचा. कचेरीत कागद बांधतात तसला, दोरीनं आवळलेला. त्यात काय काय होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. फुटाणे होते, एवढं मात्र नक्की. कारण गावात कुठे दोघांची कुरबुर झाली की आडकूजी मध्ये जाऊन साक्षी घ्यायचे, आणि साक्ष देणाऱ्याला बस्त्यातून मूठभर फुटाणे द्यायचे. "साक्षीदार आपला कामधंदा सोडून येते. त्याले भत्ता पायजे." फुटाण्यांच्या लोभानं आमच्या गावात साक्षीदारांचा कधी तुटवडा पडला नाही.

सगळं बरं चाललं होतं. मग एका वर्षी, दिवाळी झाल्यावर, आडकूजींनी गुलेल हातात घेतली. म्हणजे गुलेलीचा प्रश्न हातात घेतला.

आमच्या भागात तेव्हा घरोघरी गुलेल असे. पेरूच्या लाकडाची दुबेळकी, सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर आणि मध्ये चामड्याचा तुकडा. शेतावर पोपट उतरले, परसात वानरं आली, की मोठी माणसंच ती चालवायची. ती हत्यार आहे, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आडकूजींनी चावडीसमोर जाहीर केलं, "जे दुरून मारते ते हत्यार. हत्यार म्हनलं का लायसन. लायसन नाही तं गुन्हा."

"मंग माही जीभबी दुरून मारते," भिवराबाई म्हणाल्या. "तिलेबी लायसन काढू का?"

"तुमच्या जिभेले बंदुकीचं लायसन पुरत नाही, बाई. तोफेचं लागते."

या भिवराबाई म्हणजे आडकूजींच्या शेजारीण. साठीला आलेल्या, नवरा कवडू जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटीनं शेती करणाऱ्या. दोघांच्या घरांमध्ये एक कूड होता आणि त्या कुडावरून दिवसातून एकदा तरी वाजायचं. पण आडकूजींना ताप आला, तर पेजेची वाटी त्याच कुडावरून यायची.

गावचे मुकद्दम भित्रे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, खरंच लायसन लागते का गुलेलीले?" मला काय माहीत! मी चौथीपर्यंत शिकवणारा माणूस. पण माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली आणि मी म्हणालो, "असेलही." माझ्या या एका शब्दावर गावातल्या एकोणीस गुलेली जप्त झाल्या. प्रत्येकीचा पंचनामा झाला, पंचांना फुटाणे मिळाले, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली गेली आणि सगळ्या मुद्देमाल म्हणून लाल बस्त्यात गेल्या. बस्ता फुगला. पोपटांनी त्या वर्षी लाखोळीच्या पिकावर जी चैन केली, ती त्यांच्या पूर्वजांनीही केली नसेल.

त्यांची आणखी एक खोड सांगायची राहिली. संध्याकाळची गाडी आली की आडकूजी फलाटावर हजर. हात कानामागे घेऊन, इंजिनाच्या आवाजात कोणाला तरी पुकारायचे. नाव कधी ऐकू आलं नाही. पण मी मोजलं होतं, हाका दोनच व्हायच्या. गावभर तीन हाका मारणारा माणूस तिथे दोनवर का थांबतो, असं मी एकदा विचारलं.

"तिसऱ्या हाकेलेबी कोनी आला नाही तं मामला खारीज होते," ते म्हणाले. "कायदाच हाये तसा."

"कुठला मामला?"

"आवाज बसू नये म्हनून सराव करतो, मास्तर," असं म्हणून ते चालायला लागले. मीही फार खोदलं नाही. विक्षिप्त माणसाच्या दहा गोष्टींत ही अकरावी, एवढंच मला वाटलं. माणसाला नुसतं हसून मोकळं होण्याची सवय वाईट. मला ती होती.

फाल्गुन लागला. शाळेच्या अंगणात, तलावाच्या काठाला, एक जुनी काटेसावर आहे. त्या दिवसांत तिच्यावर पान नसतं, नुसती लाल फुलं. आणि ती खायला वानरांची टोळी येते. त्या दिवशी आडकूजी पोस्टात आले, "काही आलं का?" विचारलं, "बरं" म्हणाले आणि बस्ता ओट्यावर ठेवून माठाकडे वळले. पाण्याचा गडू तोंडाला लावेपर्यंत एक दांडगं वानर खाली आलं, बस्ता उचलला आणि सरळ सावरीवर.

वानराला कायद्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला फुटाण्यांचा वास आला होता. वर एका बेचक्यात बसून त्यानं बस्त्याचा कोपरा फाडला, सापडले तेवढे फुटाणे खाल्ले आणि बस्ता तिथेच सोडून दुसऱ्या झाडावर गेलं. बस्त्याची दोरी एका बारीक फांदीत अडकली. लाल फुलांत लाल बस्ता, पहिल्यांदा तर कोणाला दिसेचना.

बघता बघता गाव गोळा झालं. बांबू आणले, ते पुरेनात. झाडावर चढायची सोय नाही, सावरीच्या खोडाला बोटभर काटे. आणि मधल्या फांदीला सुपाएवढं आग्या मोहोळ लटकलेलं. त्याला धक्का लागला असता, तर गावात सुजल्याशिवाय कोणी राहिलं नसतं.

"वानराले तीन हाका मारा ना, आडकूजी," कोणीतरी म्हणालं. "वल्द हनुमान."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग मुकद्दम सहज बोलून गेले, "एक गुलेल असती तं त्या फांदीवर नेम मारला असता."

हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. गावातल्या सगळ्या गुलेली झाडावर होत्या. त्याच बस्त्यात. चिठ्ठ्या बांधून. लोक अक्षरशः जमिनीवर बसून हसले. एक म्हातारा तर म्हणाला, आता मेलो तरी चालेल.

आडकूजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते ओट्याच्या पायरीवर बसले होते आणि वर बघत होते. वारा सुटला होता. फाटक्या कोपऱ्यातून कागद डोकावायला लागले. एक निसटला आणि गिरक्या घेत तलावाच्या पाण्यावर जाऊन पडला. आडकूजी ताडकन उठले. पाण्यापर्यंत धावत गेले, कागद पाहिला, परत आले.

"तो नव्हता," ते मला म्हणाले. अगदी हळू. हा माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं. "मास्तर, त्याच्यात एक कारड हाये. त्याच्यावर पत्ता हाये. मले पाठ नाही."

"कोणाचा पत्ता?"

"गनपतचा. माह्या पोराचा."

आडकूजींना मुलगा आहे, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. पाच वर्षांपूर्वी, ते नोकरीवर असतानाची गोष्ट. गणपत तेव्हा एकोणीस वर्षांचा. दौऱ्यावर आलेला साहेब डाकबंगल्यात उतरला होता. गणपतनं गुलेलीनं कैरीवर नेम धरला आणि गोटा साहेबाच्या खिडकीतून आत गेला. काच फुटली. कोणी फोडली, कोणालाच कळलं नसतं. साहेबानं चपराशाला विचारलं, आणि आडकूजींनी खरं ते सांगितलं.

"दुसऱ्या दिवशी मामला उभा राह्यला. दारात मीच. मीच पुकारलं, गनपत वल्द आडकू, हाजिर है? पोरगा तिसऱ्या हाकेले आला. मी त्याच्याकडं पाह्यलंबी नाही. सहा छड्या झाल्या. त्याच सांजेच्या गाडीनं गेला. साल झाल्यावर बंगालातून एक कारड आलं. मी बरा हाये, एवढंच, अना पत्ता."

"तुम्ही उत्तर नाही पाठवलं?"

"काय लिवू?" ते म्हणाले. "चार साल झाले, इचार करून राह्यलो."

मला माझ्या मघाच्या हसण्याची लाज वाटली. पुन्हा वारा आला. फाटक्या कोपऱ्यातून एक कार्ड अर्धं बाहेर आलं आणि तिथेच फडफडायला लागलं. त्याच्या मागे सगळा तलाव पसरलेला होता.

तेवढ्यात भिवराबाई पुढे आल्या. पदर कमरेला खोचलेला. "गुलेल भेटन एक," त्या म्हणाल्या. "धानाच्या ढोलीत हाये. पन मी आनली, अना उद्या माह्यावर मामला केला तं?"

"नाही करत. आना, बाई."

"असं नाही जमत. चारचौघांत सांगा. गुलेल हत्यार हाये का नाही?"

लोक आता हसत नव्हते. आडकूजी माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "मास्तर," ते म्हणाले, "गुलेलीचा गुन्हा नसन, तं मंग गुन्हा कोनाचा?"

पाच वर्षं हा माणूस एका दुबेळक्या लाकडावर सगळा दोष ठेवून कसाबसा जगत होता. गावातल्या एकोणीस गुलेली त्यानं गोळा केल्या, त्या कुठल्याही कायद्यासाठी नव्हत्या. मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आडकूजी, कार्ड उडेल."

ते उभे राहिले. हात कानामागे गेला.

"भिवराबाई जौजे कवडू! आपली गुलेल घेऊन हाजिर होऽऽ!" आणि मग, लोकांकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "गुलेल बेकसूर हाये. बाइज्जत बरी केली. लायसन-फायसन काही लागत नाही. माहीच चूक होती."

भिवराबाई घरी जाऊन आल्या. गुलेलीच्या रबराला भाताचा कोंडा चिकटला होता, तो त्यांनी पदरानं पुसला. गोटा निवडला, परत टाकला, दुसरा निवडला. आम्ही सगळे शाळेच्या आत शिरून दारातून बघत होतो, मोहोळाच्या भीतीनं. बाहेर दोघंच राहिली. आडकूजींना आत बोलावलं तर म्हणाले, "कारड इकडं-तिकडं गेलं तं धरन कोन?"

पहिला गोटा फुलांतून सणकन निघून गेला. मोहोळाच्या अंगावरून एक लाट सरकली. आम्ही दार लोटून घेतलं. फटीतून पाहिलं तर भिवराबाई जागच्या हलल्या नव्हत्या. मोहोळ शांत होईपर्यंत त्या तशाच थांबल्या आणि मग दुसरा गोटा सोडला. कडाक् आवाज झाला. फांदी मोडली आणि बस्ता काट्यांवरून आपटत खाली आला. गुलेली चारी दिशांना पसरल्या. कार्ड मात्र वरच हवेत राहिलं. ते तलावाकडे निघालं आणि आडकूजी, सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, वर बघत, धोतर सावरत त्याच्या मागे. गुडघाभर पाण्यात त्यांनी ते दोन्ही हातांनी झेललं.

लोकांनी आपापल्या गुलेली उचलल्या. एक उरली, त्या एकोणिसांतली नसलेली. तिच्यावरच्या चिठ्ठीचा रंग उडाला होता, पहिला नंबर. ती कोणाची, हे मी विचारलं नाही. भिवराबाईंनी ती उचलून आडकूजींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भत्ता राह्यला माहा." बस्त्याच्या तळाशी पाच-सहा फुटाणे उरले होते, ते त्यांनी मोजून वसूल केले.

त्याच संध्याकाळी माझ्या दारात पावलं वाजली. हाक आली नाही. मी वर पाहिलं तर आडकूजी सरळ आत येऊन उभे.

"एक कारड द्या," ते म्हणाले. "अना लिवा."

मी लेखणी घेतली. त्यांनी घसा साफ केला. "गनपत वल्द आडकू, यास कळवन्यात येते का, समन्स पोचताच हाजिर व्हावं."

"कलम कोणतं टाकू?" मी चेष्टेनं विचारलं.

त्यांनी दिव्याची वात जरा वर केली. मग म्हणाले, "कलम नाही. लिवा, बापाचं चुकलं. लिवा, बाप म्हातारा झाला. चंद्रीले दोन पिल्लं झाले, तेबी लिवा."

मी तसंच लिहिलं. कार्ड गेलं. दुसऱ्या दिवसापासून आडकूजी फलाटावर नाव मोठ्यानं पुकारायला लागले. "गनपत वल्द आडकू, हाजिर है?" एकदा. दोनदा. गाडी शिट्टी देऊन निघून जायची. चैत्र गेला. उत्तर आलं नाही. एका संध्याकाळी मला राहवलं नाही, मी म्हणालो, "आडकूजी, तिसरी हाक तरी मारून बघा."

"कायले?" ते म्हणाले. "गाडी उद्याबी येऊन राह्यली ना."

वैशाखात एका संध्याकाळी मी पोस्टाची थैली बांधत होतो. गाडीची शिट्टी झाली. मग स्टेशनाकडून पहिली हाक आली. मग दुसरी. मी सवयीनं दोरीची गाठ मारली. आणि मग तिसरी हाक आली.

मामला खारीज. म्हाताऱ्यानं आस सोडली. मी थैली तिथेच टाकून धावत सुटलो. भिवराबाईही घरातून धावत निघाल्या होत्या. तिसरी हाक त्यांनीही ऐकली होती.

फलाट जवळजवळ रिकामा होता. आडकूजी उभे होते, हात अजून कानामागे. आणि त्यांच्यासमोर दोन हात अंतरावर, खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेतलेला एक उंच, मिशाळ माणूस उभा होता.

"अहो, तो समोर उभा आहे!" मी धापा टाकत म्हणालो. "मग तिसरी हाक कशाला?"

"उभा हाये म्हनूनच मारली, मास्तर," आडकूजी म्हणाले. माझ्याकडे मान न वळवता. "मांगच्या बारी तिसऱ्या हाकेले मी याच्याकडं पाह्यलं नव्हतं."

गणपतनं ट्रंक खाली ठेवली. तो एवढंच म्हणाला, "हाजिर है."

आडकूजींनी काखेतला बस्ता सोडला. भिवराबाईंनी त्याचा फाटका कोपरा मागेच शिवून दिला होता. त्यात हात घालून त्यांनी मूठभर फुटाणे काढले आणि पोराच्या तळहातावर ठेवले.

"दुरून आला ना बाप्पा," ते म्हणाले. "भत्ता घे."